चवीपुरतं

मशीनच्या पडद्यावर एकशे तेरा हा आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा काही वाटलं असेल तर तो वैताग. सकाळचे पावणेअकरा झाले होते, वॉर्डांतून आलेल्या रक्ताच्या नळ्या रांगेत उभ्या होत्या आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रजेवर होती. माणसाच्या रक्तात सोडियम एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीसच्या दरम्यान असतं. राव असो नाहीतर रंक, सगळ्यांना याच अरुंद गल्लीतून चालावं लागतं. एकशे तीस आलं की आम्ही भुवई वर करतो, एकशे वीस आलं की फोन उचलतो. एकशे तेरा म्हणजे माणूस निदान बेशुद्ध तरी असायला हवा, आणि सोबतच्या कागदावर तर लिहिलेलं होतं, ‘चालत आले’. चालत आलेल्या माणसाचं सोडियम एकशे तेरा नसतं, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. असा आकडा आला की समजायचं, ज्या हाताला ग्लुकोजची बाटली लावलीय त्याच हातातून सिस्टरने रक्त ओढलं आणि रक्तात बाटलीतलं पाणी मिसळलं. अशा नळीला आमच्याकडे ‘पाणीवाला’ म्हणतात. खरा पाणीवाला ओळखायची खूणही सोपी आहे. बाटलीत ग्लुकोज असतं, त्यामुळे त्या नळीतली साखर आभाळाला टेकलेली असते. साखरेचा आकडा त्याच पडद्यावर, दोनच ओळी खाली होता. मी तो बघितला नाही. ‘नमुन्यात पाणी, पुन्हा पाठवा’ असं टाइप केलं आणि पुढची नळी लावली.

नमुन्यांना आमच्याकडे नावं नसतात, नुसत्या काळ्या रेघा असतात. मला ते आवडायचं. नावाच्या मागे चेहरा येतो, चेहऱ्यामागे घर येतं, आणि मग नळी नुसती नळी राहत नाही. मोबाइल बाहेर कपाटात ठेवायचा असा नियम आहे, तोही मला आवडायचा. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर अकरा वेळा फोन येऊन गेले होते हे मला नंतर कळलं. बारा वाजून वीस मिनिटांनी त्याच रेघांची दुसरी नळी आली. एकशे बारा. या वेळी मी साखर बघितली. एकशे चार, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी. पाणीवाला नव्हता तो. मी सकाळची नोंद उघडून त्या वेळची साखर बघितली, तीही एकशे चारच होती. कुणाच्या तरी दीड तासाचं मी पाणी केलं होतं.

धोक्याचा आकडा फोनवर कळवायचा आमचा एक विधी आहे. मी आकडा सांगायचा, सिस्टरने तो परत म्हणून दाखवायचा. मग सिस्टरने पेशंटचं नाव सांगायचं आणि मी ते परत म्हणून दाखवायचं, म्हणजे घोटाळा होत नाही. मी फोन लावला.

“सोडियम एकशे बारा.”

“एकशे बारा,” सिस्टर म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी पलंगाचे कठडे वर करत होतं, त्याचा खडखडाट ऐकू येत होता. “मगाशी तुम्हीच परत पाठवलं होतं ना? त्यांना आत्ताच झटका येऊन गेला. नाव घ्या.” आणि तिने माझ्या वडिलांचं नाव घेतलं.

मी ते परत म्हटलं नाही. तिला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून तिने आणखी मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून ते नाव घेतलं. “परत म्हणा ना, मॅडम.” आयुष्यभर मी ते नाव स्वतःच्या नावाला जोडून लिहीत आले, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर. पण तोंडाने असं एकटं कधी घेतलं नव्हतं. बापाचं नाव कोण घेतं? मी ते घेतलं. हजेरी द्यावी तसं घेतलं. मग म्हणाले, “ते माझे बाबा आहेत.” हे विधीत बसत नव्हतं, म्हणून सिस्टर म्हणाली, “काय?” आणि मी फोन ठेवला.

वॉर्डापर्यंत तीन जिने आहेत. प्रत्येक वळणावर मला कुठलीतरी जुनी गोष्ट दिसत होती आणि तिचा अर्थ आत्ता लागत होता. महिनाभर बाबा भिंतीला हात लावून चालत होते. जेवणावरची वासना उडाली होती, डोकं दुखतं म्हणायचे. एकदा रिकाम्या शेगडीसमोर उभे राहून म्हणाले, “चारशे माणसं यायची आहेत, पातेली कुठं गेली?” मी त्यांना खुर्चीवर बसवून परीक्षा घेतली. आज तारीख काय? ते म्हणाले, “तुला माहीत नाही का?” मी हसले. साठी बुद्धी नाठी म्हणतात, बाबांची तर पंच्याहत्तरी उलटलेली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बापांची सोडियमं मोजणाऱ्या बाईला आपल्या बापाची एक नळी भरून न्यावी असं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा माझ्याच हातात होता.

बाबांना आणलं होतं शेजारच्या काकूंनी. त्या घरी शिवणकाम करतात. गळ्यात टेप तसाच लटकत होता. बाबा सकाळी दारात उभे राहून काकूंनाच आपलं घर कुठलं ते विचारत होते, मग पायरीवरून घसरले, उठले, आणि काकूंनी रिक्षात घालून त्यांना थेट माझ्याच हॉस्पिटलात आणलं. मला अकरा वेळा फोन केला. बाबांनी व्हीलचेअर नाकारली म्हणून कागदावर ‘चालत आले’. रक्त घेताना हाताला बाटली नव्हतीच. बाटली पुष्कळ नंतर लागली. काकू मला म्हणाल्या, तुझ्यामुळे किती बरं झालं, तुझं हॉस्पिटल म्हणून लगेच बघितलं असेल नाही? मी हो म्हणाले.

बाबा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. दुपारच्या एका पाळीला चारशे माणसं. आई त्याच कारखान्यात दुसऱ्या खात्यात कामाला होती, म्हणून शाळा सुटली की मी कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसायचे. जन्मले तेव्हा मी एवढीशी होते, म्हणून बाबा मला चिमूट म्हणायचे. सगळं कॅन्टीन चिमूट म्हणायचं. बाबा मीठ मुठीने घालायचे. उजवी मूठ, मनगट जरा वाकडं, आणि पातेल्याभोवती एक फेरा. चव कधीच बघायचे नाहीत. आचाऱ्याने चव बघितली की त्याची जीभ सोकावते, मग ती खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नुसते वाफेवर वाकायचे आणि म्हणायचे, “झालं.” आयत्या वेळी वरून निरोप यायचा, आज पन्नास माणसं जास्त आहेत. मग रश्श्यात दोन बादल्या पाणी पडायचं, आणि हाताखालच्या माणसांवर बाबा ओरडायचे, “पाणी वाढवलं की मीठ आठवायचं!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ माझ्या कानांवरून वाहून गेला. मी पाटी घेऊन विचारायचे, बाबा, किती घातलं? “चवीपुरतं.” चवीपुरतं म्हणजे किती? “चवीला पुरेल इतकं.” मला रडू यायचं. दहा वर्षांच्या मुलीला जगातला एक तरी माणूस एक तरी आकडा नीट सांगेल असं वाटत असतं. पुढे मी लॅबमध्ये गेले त्याला पोटापाण्याची कारणं होतीच, पण खरं कारण हे की मशीन कधी चवीपुरतं म्हणत नाही. पहिला पगार हातात ठेवला त्या दिवसापासून बाबा मला ‘मोठ्या बाई’ म्हणायला लागले, आधी थट्टेने, मग सवयीने. चिमूट कुठे गेली ते मी विचारलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली, रक्तदाबाने. ताटात कडेला मिठाचा ढीग घेऊन बसायची, आणि एका सकाळी तिची उजवी बाजू लुळी पडली, चौथ्या दिवशी गेली. तेव्हापासून मी मिठाला भीत आले. माणूस वाघाला भितो, पाण्याला भितो. मी डबीतल्या पांढऱ्या कणांना भीत होते. आणि दोन वर्षांपूर्वी बाबांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी लघवी साफ होण्याची एक गोळी दिली आणि म्हणाले, मीठ जरा बेताने, पाणी व्यवस्थित. पुन्हा तेच शब्द. बेताने म्हणजे किती? व्यवस्थित म्हणजे किती? घरी येऊन मी दोन्ही शब्दांचे आकडे केले. व्यवस्थितचे तीन लिटर केले, मोठ्या बाटलीवर मार्करने रेघा ओढून शेजारी वेळा लिहिल्या. आणि बेतानेचं केलं शून्य. शून्य हा एकच आकडा असा आहे की त्यात मोजायची चूक होत नाही. मिठाची बरणी माळ्यावर गेली. पहिल्या दिवशीची अळणी भाजी बाबांनी तोंडात घातली आणि चमच्याकडे बघत राहिले. चारशे माणसांच्या जिभेचा अंदाज ज्याच्या मुठीत होता त्याच्यापुढे मी ते ठेवलं होतं. दुसऱ्याने ताट भिरकावलं असतं. बाबा म्हणाले, “छान झालंय.” मला केवढं बरं वाटलं.

वॉर्डातली डॉक्टरबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान होती. मला सगळं माहीत असणार असं धरून ती भराभर बोलत होती, आणि मला काहीच माहीत नसल्यासारखी मी ऐकत होते. शरीरातलं मीठ फार संपलंय असं नाही, ती म्हणाली, पाणी जास्त झालंय. गोळीने मीठ बाहेर काढलं, जेवणातून ते आत गेलं नाही, आणि वरून हे पितात किती! कुणी सांगितलं यांना एवढं प्यायला? मी म्हणाले, मी. ती थांबली आणि मग जरा हळू बोलायला लागली. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो. मला कॅन्टीनमधला वाटाण्याचा डबा आठवला. एकदा कुणीतरी वाळके वाटाणे पाण्यात घालून डब्याचं झाकण घट्ट लावलं होतं. दुसऱ्या दिवशी झाकण उचकटून वाटाणे बाहेर आलेले. कवटीला तर उचकटायला झाकणही नाही. झटका थांबवण्यापुरतं तीव्र मिठाचं पाणी तिने शिरेतून दिलं होतं, आणि आता थांबायचं होतं. दिवसाला सहा, फार तर आठ, त्याहून जास्त चढू द्यायचं नाही. घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. माणूस वाचतो आणि बोलणं-गिळणं जातं. परत पूर्वीसारखे होतील का, मी विचारलं. ती म्हणाली, बहुतेक. आणखी एक शब्द, ज्याचा आकडा होत नाही. मग मी तिला सकाळच्या नळीचं सांगितलं. दीड तास आधी कळलं असतं तर झटका टळला असता का? तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की टळला असता किंवा नसता. लॅबच्या वहीत मी माझ्या हाताने लिहिलं, ‘साखर न बघता नमुना परत पाठवला. चूक माझी.’ साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि काही दिवस घरी राहायला सांगितलं. मी नाही म्हणाले. बाबांच्या नळ्या मीच लावणार होते.

सिस्टरने बाबांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या. चष्मा, कंगवा, किल्ली, आणि सदऱ्याच्या खिशातली एक कागदी पुडी. पुडी कॅन्टीनच्या पद्धतीची, चार घड्या घालून टोक आत खोचलेली. उघडली तर मीठ. खिशातल्या दमटपणाने त्याचा दगड झाला होता, आणि घड्यांवरून दिसत होतं की ती बांधल्यापासून कुणी उघडलेली नाही. बरणी माळ्यावर चढायच्या आधी कधीतरी बांधली असणार. मी ती माझ्या कोटाच्या खिशात टाकली. मला वाटलं, चोरून खायला ठेवली होती. मग खाल्ली का नाही ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकशे एकोणीस होता. बाबा शुद्धीवर होते, पण आमच्यात नव्हते. माझा पांढरा कोट बघून मला सिस्टर म्हणाले आणि जवळ यायची खूण केली.

“सिस्टर, माझी चिमूट यायची आहे. मी पडलो ते तिला सांगू नका.”

“का?”

“घाबरते ती. आई गेल्यापासून घाबरते, आणि मग रागावते. सगळं अळणी करून घालते.” ते हसले. बाबांचं असं हसू मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. “तसंच खातो मी. खिशात मीठ असतं माझ्या. पण अळणी चालेल म्हणून एकदा हो म्हटलंय पोरीला. घरातल्या घरात चोरी करून तिला तोंड कसं दाखवू?”

“मग सांगायचं ना तिला, अळणी नको म्हणून.”

“नको. आपली चूक झाली असं वाटेल तिला.” त्यांचे डोळे मिटायला लागले. “हुशार आहे हो पोरगी. मला म्हणायची, चवीपुरतं म्हणजे किती? चाळीस वर्षं मला नाही सांगता आलं.”

मी त्यांच्या पलंगाची चादर विनाकारण नीट करत राहिले. त्या घरात आम्ही दोघं अकरा वर्षं समोरासमोर बसून जेवलो आणि आमचं बोलणं भाताइतकंच अळणी होतं. ते बोलत नाहीत म्हणून मी बोलत नव्हते, आणि मी वेळापत्रक लावते म्हणून ते पाणी पीत होते. आता ते बोलत होते, पण एका सिस्टरशी. कबूल करायला लाज वाटते, पण पुढच्या नळ्या लावताना मी मनातल्या मनात म्हणायचे, जरा हळू. एकशे एकवीसला त्यांनी सांगितलं की चिमूट पोत्यावर झोपली की तिच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून ते हाताखालच्या माणसाला नुसता टॉवेल हलवायला बसवायचे. एकशे चोवीसला ते चिमूट कुठे आहे असं विचारून वाट बघत पडून राहिले. एकशे सत्तावीसला त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “मोठ्या बाई, तुमची ड्यूटी नाही का?” काकू बाजूला उभ्या होत्या, त्यांनी आनंदाने माझा दंड दाबला. बाबा परत आले होते. मी जिन्यात जाऊन रडले. ते वाचले म्हणून रडले, आणि ते गेले म्हणूनही रडले. दोन्ही खरं होतं आणि कुठलं किती ते मला मोजता आलं नाही.

सातव्या दिवशी एकशे चौतीस. गल्लीच्या अगदी तोंडाशी. डॉक्टरबाईने गोळी बदलली, पाण्याची बाटली फेकून द्यायला सांगितली, तहान लागेल तेवढंच प्यायचं म्हणाली, आणि मीठ? मी वही काढलेली बघून तिला हसू आलं. “साधं, सगळ्यांसारखं. बेताने.” मी वही बंद केली.

दुपारी ताट आलं. भात, उकडलेल्या भाज्या आणि वाटीभर सूप. बाबा टेकून बसले होते, दाढी केलेली, चष्मा लावलेला, अगदी घरातल्यासारखे. मी खुर्ची ओढून बसले. बोलले नाही तर आता कधीच बोलणार नाही हे मला माहीत होतं. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा समोरासमोर जेवत असू, आणि त्या टेबलावर ही गोष्ट तिसऱ्या माणसासारखी बसलेली असेल.

“बाबा, तुमचं रक्त पहिल्यांदा आलं ना, ते मी परत पाठवलं. दीड तास गेला त्यात. तुम्हाला झटका आला तो त्या दीड तासात.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “का पाठवलंस?”

“मला वाटलं, कुणीतरी पाणी मिसळलंय.”

त्यांनी सुपाकडे बघितलं. वाफ चष्म्यावर चढत होती. ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते, हाताखालच्या माणसांवर ओरडायचे तसं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं.

“मिसळलेलंच होतं की,” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. आपोआप माझ्या तोंडून आलं, “पाणी वाढवलं की मीठ आठवायचं.”

“हं,” बाबा म्हणाले. “पोत्यावर बसून ऐकायचीस तर सगळं.” आणि त्यांनी पुन्हा चमचा उचलला, सूप तोंडात घेतलं, गिळलं. छान झालंय असं म्हणाले नाहीत. त्यांनी चमचा वाटीच्या कडेवर ठेवला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मी कोटाच्या खिशातून पुडी काढली. त्यांनी ती ओळखली, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर चोरट्यासारखी खाली गेली. “उघडली नव्हती मी,” ते म्हणाले. मला माहीत आहे, मी म्हणाले. कसं माहीत, ते त्यांनी विचारलं नाही. मी कागदाच्या घड्या एकेक करून सोडल्या, दगड झालेलं मीठ ताटाच्या कडेवर दाबून फोडलं. किती, असं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. दोन बोटं आणि अंगठा. मनगट वाकडं करायला मला जमत नाही, तरी वाटीभोवती एक फेरा घातला. चमच्याने ढवळलं. वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

बाबा वाफेवर वाकले. मग त्यांनी चव घेतली आणि जिभेवर थांबवली, परीक्षक थांबवतो तशी. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पंख्यांचा आवाज येत होता. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता. मला दहावीच्या निकालाला एवढी धडधड झाली नव्हती.

“चिमूट,” ते म्हणाले.

अजून एक चिमूट मागितली की मला हाक मारली, ते कळलं नाही. मी ओ दिली, आणि मीठही घातलं.